सध्या काय वाचताय?

मराठी शिकवणाऱ्या माणसाची एक कायमची पंचाईत असते. डॉक्टर दिसला की लोकांना आपापली दुखणी आठवतात, वकील दिसला की भाऊबंदकी आठवते, आणि मी दिसले की आपण पुष्कळ दिवसांत काही वाचलेले नाही हे आठवते. मग लग्नाचे कार्यालय असो, दवाखान्याचे बाक असो, की ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलचा डबा असो, प्रश्न ठरलेला असतो – "काय, सध्या काय वाचताय?"

खरे उत्तर द्यायचे तर ते असे असते : द्वितीय वर्षाच्या एकशेचाळीस उत्तरपत्रिका, ज्यांतल्या नव्वदांचा लेखक एकच, म्हणजे बाजारातले गाइड, सोसायटीची पाणी जपून वापरण्याबद्दलची नोटीस, आणि वाण्याचे बिल. पण असे सांगितले तर विचारणाऱ्याचा विरस होतो. म्हणून दोन-चार भारदस्त नावे मी जिभेवर तयारच ठेवते. त्यांतले एक सोडून दिले की समोरची व्यक्ती आदराने मान हलवते, "वाचलं पाहिजे एकदा," असे म्हणते, आणि आम्ही दोघीही श्रीखंडाकडे वळतो. ते पुस्तक तीही वाचणार नसते. मीही कित्येकदा ते अर्धेच वाचलेले असते.

गेली काही वर्षे दिवाळीच्या या सदरात मी हाच उद्योग जरा थाटाने करत आले. वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची नावे, प्रत्येकाविषयी चार चांगली वाक्ये, शेवटी 'अवश्य वाचावे' अशी शिफारस. यंदाही यादी घेऊन बसले होते. पण पहिल्या नावापाशीच हात अडखळला. का अडखळला ते सांगते. पुस्तके ओघात येतीलच.

आधी एक जुने पाप सांगून टाकते.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तृतीय वर्षातली एक मुलगी तासाला गप्प बसू लागली. चौकशी केली तेव्हा कळले, ठरलेले लग्न मोडले होते; आणि नुसते ठरलेले नव्हे, मनापासून ठरवलेले. मला वाटले, हिला काहीतरी चांगले वाचायला द्यावे. मी मोठ्या आत्मविश्वासाने विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' तिच्या हाती ठेवले. १९३९ सालची ही कादंबरी. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून देशोधडीला लागलेली ज्यू माणसे, त्यांतली हॅर्टा आणि परत येणारा आपला एक मराठी तरुण. थोड्या दिवसांचा प्रवास, पण त्यात दोन माणसांचे आणि एका खंडाचे आयुष्य उद्ध्वस्त होते. इतक्या थोड्या पानांत एवढे काम केलेली दुसरी मराठी कादंबरी मला तरी ठाऊक नाही. तासाला मी ती शिकवते तेव्हा वर्ग चिडीचूप असतो.

मुलीने पुस्तक तिसऱ्या दिवशी परत आणले. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. टेबलावर ठेवले आणि विचारले, "मॅडम, शेवट तुम्हांला माहीत होता ना?"

ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांना तो प्रश्न कळेल. ज्यांनी वाचलेले नाही त्यांना शेवट सांगून मी दुसरे पाप करणार नाही. एवढेच सांगते की मन मोडलेल्या मुलीच्या हाती त्या दिवसांत देण्याजोगे ते पुस्तक नव्हते. शेवट मला पाठ होता. बोटीचे प्रतीक, निवेदनाची रीत, काळाची पार्श्वभूमी सगळे पाठ होते. समोर बसलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी तेवढी मी वाचली नव्हती. पुस्तक तिच्यासाठी काढले असे मला वाटले होते. खरे म्हणजे माझ्या आवडीचे एक पुस्तक मला मिरवायचे होते आणि तिच्या दुःखाचे निमित्त सापडले होते, इतकेच.

मुलगी पुढे सावरली, आता नाशिकला नोकरी करते. पण त्या प्रश्नाने मी शहाणी झाले असे मात्र समजू नका. त्याला हे वर्ष उजाडावे लागले.

आमच्या घरी माझ्या सासूबाई असतात. वय ब्याऐंशी. स्वयंपाकातले मीठ अजून त्यांच्या अंदाजाने पडते आणि घरातल्या कोणाचे काय बिनसले आहे हे त्यांना आवाजावरून कळते. दोन वर्षांपासून त्यांची दृष्टी मंदावली. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचे दिसते, पण ज्याच्याकडे पाहावे तेच नेमके पुसट होते. माणूस दारात उभा आहे हे कळते, चेहरा कळत नाही. अक्षर तर नाहीच. दूरदर्शनसमोर बसायचेही त्यांनी सोडले. "मालिकेतल्या सुना आता मला सगळ्या सारख्याच दिसतात," असे म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून, "तशा त्या आधीही सारख्याच होत्या म्हणा."

तेव्हा आम्ही ठरवले की रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मी तासभर वाचून दाखवायचे. पुस्तक अर्थात मी निवडले. इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त'. १९६७चे हे पुस्तक, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. महाभारत आईंना कीर्तनांतून मुखोद्गत. तेव्हा हे त्यांना रुचेलच असा माझा हिशेब. सुरुवात झकास झाली. भीष्मावर आमचे दोन संध्याकाळी भांडण झाले, कारण आईंचा भीष्म वेगळा होता आणि तो त्या सोडायला तयार नव्हत्या. मला मौज वाटत होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी गांधारीवरचा लेख लावला. मी आपली रंगून वाचते आहे, डोळ्यांना बांधलेली ती पट्टी, तो जन्मभराचा अंधार. पान उलटताना वर पाहिले तर आई मांडीवरच्या पदराचे टोक बोटांत गुंडाळत बसल्या होत्या.

"हे राहू दे गं आज," एवढेच म्हणाल्या.

वर्तमानपत्रात गुंडाळलेले 'रणांगण' मला पुन्हा टेबलावर दिसले.

'युगान्त' मोठे पुस्तक आहे, त्यात शंका नाही. महाभारतातल्या माणसांना देव्हाऱ्यातून उतरवून त्यांच्याशी माणसांसारखे बोलायचे असेल, तर आजही त्याला तोड नाही. पण त्या रात्री मी ते कपाटात ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा, हो पहिल्यांदाच, आईंना विचारले, "तुम्हांला काय ऐकायचंय?"

या घरात येऊन मला एकवीस वर्षे झाली. या एकवीस वर्षांत मी शेकडो मुलांना पुस्तके सुचवली, भिशीच्या बायकांना सुचवली, या सदरातून तुम्हांला सुचवली. ज्या बाईने माझी पोर्णिमा-अमावास्या सांभाळली, माझ्या परीक्षांच्या दिवसांत माझे मूल पोटाशी घेतले, तिला हा प्रश्न मी विचारला नव्हता. आई पोथी वाचतात, पेपर वाचतात, एवढे मला माहीत होते. त्यापलीकडे त्यांना काही वाचावेसे वाटत असेल हे माझ्या गावीही नव्हते.

आईंनी जराही विचार केला नाही. उत्तर तयार असल्यासारखे म्हणाल्या, "ते टिळकांच्या बायकोचं. लक्ष्मीबाईंचं. पुढचं."

"पुढचं म्हणजे?"

मग गोष्ट उलगडली. आईंचे माहेर वाईचे. त्यांच्या आजोळी माळ्यावरच्या पेटीत 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग होता. हे आत्मचरित्र १९३४पासून चार भागांत निघाले. आज ते आपल्याला एकाच पुस्तकात मिळते, म्हणून आपल्या हे लक्षातही येत नाही. पेटीत होता तो फक्त पहिला. बारा-तेरा वर्षांच्या आईंनी तो सुट्टीत दोनदा वाचला. बाकीचे भाग गावात कोणाकडे मिळेनात. पुढे लग्न झाले. "मग वेळ कुठे होता?" आई म्हणाल्या. "पण मनात असायचं हो. त्या बाईचं पुढे काय झालं? ती गेली का नवऱ्याकडे?"

हिशेब केला. सत्तर वर्षे ही गोष्ट आईंच्या मनात अर्धी राहिली होती. त्यांतली एकवीस वर्षे अख्खे पुस्तक आमच्या बैठकीच्या खोलीतल्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, त्यांच्यापासून आठ पावलांवर उभे होते.

आता सांगायला लाज वाटते ती पुढची गोष्ट. ते पुस्तक मी काढले, आणि पाहते तो पहिल्या शंभर-सव्वाशे पानांत माझ्या पेन्सिलीच्या खुणाच खुणा, मधल्या दोन-तीन प्रकरणांत थोड्या, आणि मग शेवटपर्यंत पाने कोरी करकरीत. 'स्मृतिचित्रे' मी पंधरा वर्षे शिकवते. म्हणजे अभ्यासक्रमात असलेले वेचे शिकवते. 'लक्ष्मीबाईंची सहजसुंदर शैली' यावर मी अर्धा तास न थांबता बोलू शकते. पण पुस्तक सलग, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मी कधीच वाचलेले नव्हते. आईंना पहिला भाग ठाऊक होता, मला वेचे ठाऊक होते. दोघी अर्ध्याच.

तेव्हा श्रावणापासून आमचे सलग वाचन सुरू झाले, आणि यंदा 'सध्या काय वाचताय' या प्रश्नाला माझ्याकडे पहिल्यांदा खरे उत्तर आहे.

हे पुस्तक डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकण्याचे आहे, हे मला आता कळले. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण जवळजवळ नव्हते. त्यामुळे त्यांचे वाक्य पुस्तकी वळण घेतच नाही. ओट्याशी उभे राहून सांगावे तसे सांगत जातात. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी साऱ्या घराची झालेली दैना सांगतील ती हसत हसत, आणि आपण हसता हसता मध्येच गप्प होतो. नवरा कवी, अफाट बुद्धीचा, अफाट मायेचा आणि तितकाच अफाट लहरी. कधी घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही, हाती आलेला पैसा घरी पोहोचेपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही. अशा नवऱ्याचे चित्र काढताना एकतर त्याला देव करायचा मोह होतो, नाहीतर राक्षस. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. त्याच्यावर चिडतात, त्याला हसतात, आणि त्याच्यावाचून त्यांना करमत नाही. आई मध्येच म्हणत, "अगदी ह्यांच्यासारखे!" माझे सासरे कवी नव्हते, पोस्टात होते. पण आईंच्या मते लहरीपणाला कविता यावी लागत नाही.

१८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन त्यांच्यापासून दूर राहिल्या. ती पाने वाचायला आम्हांला पंधरा दिवस लागले. एका दिवशी दोन-तीन पानांच्या वर जाववेना. ज्या संध्याकाळी त्या नवऱ्याकडे परत गेल्याचे वाचले, तेव्हा आई काही बोलल्या नाहीत. फक्त, "गेली हो," असे म्हणून उठल्या आणि देवापुढची वात सारखी केली. सत्तर वर्षे थांबलेली बातमी त्यांना त्या दिवशी मिळाली होती.

पण पुस्तकाचा खरा कस पुढे लागतो, आणि तो भाग वेच्यांत सहसा नसतो. धर्म बदलला म्हणून मन लगेच बदलत नाही. दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यावे की नाही, ही गोष्ट त्या बाईने आपल्या आत किती दिवस, किती हट्टाने लढवली आणि मग तो विटाळ एकेक पदर सुटत कसा गेला, हे त्या कोणताही आव न आणता सांगतात. मोठे विचार मांडले आहेत असे कुठे वाटत नाही. एक बाई स्वतःलाच पकडते आणि सोडत नाही, असे वाटते.

ती पाने वाचून झाली आणि आई म्हणाल्या, "पुन्हा वाच." पुन्हा वाचली. मग बराच वेळाने, "आमच्याकडे मागच्या दारी एक कप उपडा घातलेला असायचा. दांडी तुटलेला. कामाला यायची तिच्यासाठी. मी तिला बाळपणापासून ओळखत होते. कप वेगळा का, ते मी कधी विचारलं नाही." थोडे थांबून म्हणाल्या, "आपल्याकडेही आहे ना गं, स्टीलचा पेला?"

आहे. ओट्याच्या खालच्या फळीवर, कोपऱ्यात. तो कोणी वेगळा ठेवला, कधी ठेवला, कोणी सांगू शकणार नाही. मी वर्गात दया पवारांचे 'बलुतं' शिकवते. १९७८ साली त्या पुस्तकाने मराठी वाचकाची झोप कशी उडवली हे सांगताना माझा आवाज चढतो. तो आवाज घेऊन मी घरी येते आणि त्याच फळीसमोर उभी राहून चहा टाकते.

मी आईंना उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर तो पेला वरच्या फळीवर इतर पेल्यांत मिसळलेला होता. सगळे एकाच मापाचे. कोणता तो, ओळखू येईना. आईंना समोरचे दिसत नाही, पण हाताला भांडी कळतात. त्यावर आम्ही दोघीही काही बोललो नाही. बाई आली, तिने हात घालून पहिला लागला तो पेला घेतला, क्षणभर फळीकडे पाहिले, आणि चहा ओतून घेतला.

असो. सदर पुस्तकांचे आहे, तेव्हा बाकीचे भराभर सांगते.

आमच्या चिरंजीवांचे वय सतरा. मी सुचवलेले पुस्तक न वाचणे हे त्यांचे व्रत. म्हणून यंदा काही सुचवलेच नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी' दिवाणखान्यात पंख्याखाली नुसते पालथे टाकून ठेवले. १९५५चे पुस्तक, अंगाने सडपातळ. तेवढ्या एका गुणावर त्याने ते उचलले. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर पोरसवदा मास्तर येतो, शाळेला पोरे नाहीत, कारभाऱ्याचा धाक, आणि बघता बघता तो त्या वाडीचा होऊन जातो. मग दुष्काळ पडतो. रात्री साडेबाराला खोलीतला दिवा जळत होता. सकाळी मी काही विचारले नाही. तोच म्हणाला, "ते सगळे गेले मग कुठे?" मला यापेक्षा चांगला अभिप्राय कोणत्याही उत्तरपत्रिकेत मिळालेला नाही.

दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) मात्र माझी एक विनंती ऐकून वाचा. बारा महिन्यांचे बारा लेख आहेत. एका बैठकीत संपवू नका. कार्तिकातला लेख कार्तिकात, मार्गशीर्षातला मार्गशीर्षात. मी हे उशिरा शिकले. पूर्वी सुट्टीत दोन दिवसांत ते उरकले होते आणि 'फार सुंदर' असा शेरा मारून मोकळी झाले होते. आता महिना लागला की तेवढा लेख वाचते आणि मग स्टेशनच्या वाटेवरची झाडे पाहते. नोकरीच्या धावपळीत ज्यांना 'वाचायला वेळ नाही' त्यांनी तर हेच घ्यावे. महिन्यातून अर्धा तास कोणालाही असतो.

आणि एक पुस्तक मी यंदा पुष्कळ विचार करून, माणूस पाहून दिले. आमच्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पत्नी गेल्या वर्षी गेल्या. दोघांनी काशीयात्रेचे ठरवले होते ते राहून गेले. वाचनाची सवय नाही, पण प्रवासाचे वेळापत्रक, तिकिटांचा हिशेब, कुठे किती खर्च झाला, यांत जीव रमतो. सांत्वनाची पुस्तके त्यांना चार जणांनी दिली होती. ती तशीच पडून होती. मी त्यांना विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' दिले. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरचे कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि नेमका १८५७च्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. मिळालेले द्रव्य लुटले गेले, जीव वाचला, आणि शेवटी घरी आला तो आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. हे सारे त्याने बऱ्याच वर्षांनी लिहून काढले. चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा तो हयात नव्हता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ची. मिळाली तर ती घ्या, तिथे भटजी आपल्याच तोंडाने बोलतात. इतिहासाच्या पुस्तकात सैन्ये चालत जातात. इथे एक घाबरलेला, भुकेला, पण नजर शाबूत असलेला माणूस चालत जातो, आणि जेवायला काय मिळाले, दक्षिणा किती पडली, हेही सांगतो.

काकांनी पुस्तक घेतले, चाळले, "बघतो," म्हणाले. 'बघतो' म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी आशा सोडली.

परवा आमच्याकडे 'स्मृतिचित्रे'ची शेवटची थोडी पाने उरली तेव्हा आईंनी विचारले, "आता पुढचं काय?" मी म्हटले, तुम्ही सांगा. तर त्या म्हणाल्या, काका जिन्यात भेटले होते, कुठल्यातरी भटजीचे सांगत होते, ते आण. मी लगेच समोरचे दार वाजवले. काका चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. हातात पुस्तक, पानांत खूण म्हणून बसचे तिकीट.

"काका, पुस्तक परत हवं होतं, आईंसाठी."

"छे छे, आत्ता नाही जमायचं," काका दार अर्धे लोटत म्हणाले. "मी झाशीत आहे. वेढा पडलाय. बाहेर निघायला वाट नाही."